जुन्या घराचा स्कॅन केलेला नकाशा मॉडेलमध्ये मापात कसा बसवायचा

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका घरावर मजला चढवायचं काम गेल्या पावसाळ्यात हाती आलं. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओट्यापासून परसापर्यंत सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशी एकामागून एक लांबोडकी मांडणी, आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. घरातल्या आज्जींनी ट्रंकेतून नकाशाची अमोनिया प्रिंट (नकाशाच्या प्रती काढायची जुनी पद्धत) काढून दिली. कडा पिवळ्या पडलेल्या, घड्यांवर रेषा उडालेल्या, पण कोपऱ्यातलं स्केल वाचता येत होतं: आठ फुटाला एक इंच.

असा कागद स्कॅन करायचा, रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकायचा आणि त्यावरून भिंती ओढत जायचं, अशीच पद्धत बहुतेक ठिकाणी दिसते. पण एका घराच्या मापात दोन-तीन इंच चुकले, तर ती चूक शेवटी सामाईक भिंतीवर जाऊन बसते, आणि तिथे ती दोन घरांच्या भांडणाची गोष्ट होते. म्हणून नकाशा बसवायला अर्धा दिवस गेला तरी मी तो देतो. कागदावर छापलेल्या स्केलवर मी चित्र बसवत नाही, जागेवर टेपने मोजलेल्या लांबीवर बसवतो. पुढची सगळी पद्धत यातूनच आली आहे.

कागद वाचणं

१९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आपल्याकडच्या कागदांवर या दोन्ही गोष्टींची खूण दिसते. जुने नकाशे फूट-इंचांत, नंतरचे मीटरमध्ये. अक्षरं कधी इंग्रजी, कधी मराठी, कधी कानडी. आठ फुटाला एक इंच म्हणजे १:९६. हे १:१०० च्या इतकं जवळ आहे की नजरेला फरक कळत नाही. पण १:९६ चा नकाशा १:१०० समजून वाचला, तर साडेअठ्ठावन्न फुटांचं घर जवळजवळ ६१ फूट भरतं. चार फुटाला एक इंच (१:४८) आणि १:५० यांच्यातही नेमका हाच घोळ होतो.

दुसरा घोळ आकड्यांचा. आपले मिस्त्री १२ फूट ६ इंच हे १२.६ असं लिहितात. सॉफ्टवेअर त्याचा अर्थ बारा पूर्णांक सहा दशांश फूट असा घेतं, म्हणजे १२ फूट सव्वासात इंच. १२.१० लिहिलेलं असलं तर फरक फार मोठा होतो, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी ते १२ फूट १ इंचाच्या आसपास, आणि मिस्त्रींच्या लेखी १२ फूट १० इंच. नकाशावर कुठेही टिंबानंतर १० किंवा ११ दिसलं की समजा, टिंबापुढे इंच आहेत. टिंबानंतर १२ च्या वरचा आकडा, समजा ७५, दिसला तर ते दशांश. कानडी आकड्यांतला एक घाईत शून्यासारखा वाचला जातो, तेव्हा अशा कागदावर खोल्यांची बेरीज करून एकूण लांबीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कॅन

३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके (पिक्सेल), पुरेसं आहे. हिशेब असा: ३०० डीपीआयवर एक पिक्सेल म्हणजे कागदावर ०.०८५ मिलिमीटर, आणि १:९६ च्या नकाशात जागेवर सुमारे ८ मिलिमीटर. जुन्या पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेष जागेवर ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास दोन इंच जाडीची होते. तेव्हा ६०० डीपीआयने फाइल जड होईल, नेमकेपणा रेषेच्या जाडीपलीकडे जाणार नाही.

झेरॉक्सच्या दुकानात सांगायची गोष्ट एकच: ‘पानात बसवू नका, शंभर टक्के ठेवा.’ आमच्या नकाशाचं पहिलं स्कॅन इथेच फसलं, ते कसं लक्षात आलं ते पुढे येईलच. कागद आदल्या रात्री जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. इस्त्री फिरवू नका, अमोनिया प्रिंट उष्णतेने काळवंडते. मोबाइलने फोटो काढायची वेळ आलीच, तर कागद जमिनीवर सपाट ठेवून बरोबर वरून काढा आणि चारही कोपरे चौकटीत येऊ द्या. मग गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या पर्स्पेक्टिव्ह टूलने चित्राची चौकट काटकोनात आणता येते. तरीही फोटोवर माझा भरवसा स्कॅनच्या निम्मासुद्धा नाही.

चित्र तिरकं आलं असेल तर ते मॉडेलमध्ये टाकण्याआधीच सरळ करा. गिंपमध्ये मेझर टूलने एका लांब भिंतीवर रेघ ओढून स्ट्रेटन केलं की झालं. मॉडेलमध्येही फिरवता येतं, पण कागदाची ताण-आकस चित्राच्या उभ्या-आडव्या दिशेत असते. भिंती त्या दिशांना समांतर असतील तरच ती नंतर दुरुस्त करता येते.

जागेवरची मापं

ही पायरी गाळली तर बाकी सगळं व्यर्थ आहे. एक लांब माप, त्याला काटकोनात दुसरं माप, आणि निदान एका खोलीचे दोन्ही कर्ण, इतकं तरी हवंच.

लांब मापाचा आग्रह का? पडद्यावर क्लिक करताना दोन पिक्सेलची चूक प्रत्येकाकडून होते. १:९६ च्या नकाशात ते झाले १६ मिलिमीटर. तीन फुटांच्या दाराच्या मापावरून चित्र मोठं केलं, तर ही चूक पावणेदोन टक्क्यांची, आणि साठ फुटांच्या घरात ती वाढून एक फूट होते. तीच चूक साठ फुटांच्या मापावर केली, तर शेवटपर्यंत १६ मिलिमीटरच राहते. दाराच्या मापावरून नकाशा बसवायचा सल्ला पुष्कळजण देतात, मी तो कधीच देणार नाही.

आपल्या जुन्या घरांत ओट्यापासून परसापर्यंतची दारं बऱ्याचदा एका रेषेत असतात. याचा फायदा घ्या. लेझर मीटर पुढच्या दारातून रोखला की मागच्या दारापर्यंतचं माप एका दमात मिळतं. दोन्ही टोकांच्या भिंतींची जाडी वेगळी मोजून मिळवायची. शहापूरच्या घराची बाहेरून बाहेर लांबी भरली ५८ फूट ६ इंच. रुंदी बाहेरून मोजता येत नव्हती, म्हणून सामाईक भिंतींच्या आतल्या तोंडांमधलं अंतर घेतलं: १५ फूट. गिलावा धरायचा की वजा करायचा हे आधी ठरवून वहीत लिहा. आतला गिलावा १२ मिलिमीटरचा धरला तरी दोन्ही बाजूंचा मिळून खोलीमागे इंचभर फरक पडतो, आणि नकाशात गिलावा बहुधा काढलेला नसतो.

माजघर १५ फूट बाय १२ फूट. काटकोनी असतं तर दोन्ही कर्ण १९ फूट अडीच इंच यायला हवेत. प्रत्यक्षात एक भरला १९ फूट ५ इंच आणि दुसरा बरोबर १९ फूट. मी टेप पुन्हा लावायला लागलो तसं आज्जी म्हणाल्या, ‘दोर धरून पाया घातलेलं घर हाय ते. मोजून बघ की अजून एकदा, पर तेवढंच येणार.’ तेवढंच आलं. आडव्या भिंती घराच्या रुंदीत चार इंच तिरक्या होत्या, आणि नकाशात मात्र सगळे कोन नव्वद अंशांचे. तो नकाशा काढणाऱ्याने कर्ण मोजलेच नव्हते.

रेव्हिटमध्ये बसवणं

प्रोजेक्ट युनिट्स आधी लावा, फूट-इंच किंवा मिलिमीटर, पण वहीतली मापं ज्यात आहेत तीच. तळमजल्याचा प्लॅन व्ह्यू (वरून दिसणारा आराखडा) उघडा आणि व्ह्यूचं स्केल नकाशाच्या स्केलशी जुळवा. आठ फुटाला एक इंच असेल तर १:९६ ठेवा. चित्र आत येताना व्ह्यूच्या स्केलप्रमाणे मोठं होतं, त्यामुळे पहिल्याच फटक्यात ते बरंचसं मापाजवळ येतं. आलं नाही, तर कागदात काहीतरी गडबड आहे हे तिथेच कळतं.

आता चित्र आणण्याआधी एक आडवी डिटेल लाइन ओढा, बरोबर ५८ फूट ६ इंचांची. ही तुमची मोजपट्टी. मग इन्सर्टमधून इम्पोर्ट इमेज करून नकाशा आणा. स्कॅन पीडीएफमध्ये असेल तर रेव्हिट २०२० पासून तेही आणता येतं. पण संगणकावर काढलेल्या पीडीएफच्या रेषांना कर्सर चिकटू शकतो, तसा तो स्कॅनला चिकटत नाही. स्कॅन हे निव्वळ ठिपक्यांचं चित्र आहे. म्हणून कोपरा निवडताना पडद्यावर ठिपके चौकोनी दिसेपर्यंत झूम करा, आणि भिंतीच्या रेषेच्या मधोमध क्लिक करा. दोन्ही टोकांना रेषेची बाहेरची कड धरली, तर अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेचे दोन इंच तिथेच गेले.

मूव्ह वापरून घराचा डावा कोपरा मोजपट्टीच्या डाव्या टोकावर आणा. चित्र अजून थोडं तिरकं वाटलं तर रोटेटचं केंद्र त्या कोपऱ्यावर ओढून आणा, मग भिंतीचं दुसरं टोक दाखवा, मग आडवी रेषा. हे झाल्यावर स्केल, शॉर्टकट आर-ई, ग्राफिकल पर्याय. पहिला क्लिक डाव्या कोपऱ्यावर, दुसरा चित्रातल्या उजव्या कोपऱ्यावर, तिसरा मोजपट्टीच्या उजव्या टोकावर. चित्र मोजपट्टीएवढं होतं.

पण मी ग्राफिकलच्या आधी एकदा न्यूमेरिकलचा आकडा काढून बघतोच: खरी लांबी भागिले चित्रात मोजलेली लांबी. हा आकडा कागदाचा सगळा इतिहास सांगतो. शहापूरच्या नकाशात चित्रातली लांबी आली ४१ फूट ४ इंच. ७०२ इंच भागिले ४९६ इंच, उत्तर १.४१५. हा आकडा दिसला की ओळखावं: ए-थ्रीचा कागद ए-फोरमध्ये बसवून स्कॅन झालाय, कारण ए-मालिकेतल्या कागदांच्या बाजू दर पायरीला १.४१४ पटीने बदलतात. चित्र मोठं करून काम भागलं असतं, पण प्रत्येक ठिपका ८ ऐवजी साडेअकरा मिलिमीटरचा झाला असता. मी कागद घेऊन परत दुकानात गेलो.

असेच इतर आकडे ओळखीचे करून घ्या. १.०४ किंवा ०.९६ आला तर १:९६ आणि १:१०० ची गल्लत. ३.२८ म्हणजे फूट आणि मीटर. २५.४ म्हणजे इंच आणि मिलिमीटर, १२ म्हणजे इंच आणि फूट. १.०१, १.०२ आला तर घाबरायचं कारण नाही. जुना कागद, झेरॉक्सची प्रत, रोलरचं स्कॅनर यांत इतकी ताण-आकस होते. १.१७ सारखा कुठेच न बसणारा आकडा आला, तर चित्र बाजूला ठेवून टेप पुन्हा लावा, कारण बहुधा नकाशा काढल्यावर घराला मागे एखादी खोली जोडलेली असते.

दुसरी दिशा

लांबी जुळली म्हणून रुंदी जुळतेच असं नाही. मोठ्या कागदाचं स्कॅनर कागद रोलरमधून ओढून घेतं, आणि ओढण्याच्या दिशेला चित्र किंचित लांबतं. खानापूरकडच्या पावसात कपाटात राहिलेला कागदही दोन दिशांना सारखा फुगत नाही. आमच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये लांबी बरोबर ५८ फूट ६ इंच केल्यावर रुंदी १५ फुटांऐवजी १४ फूट १० इंच आली. म्हणजे १८० भागिले १७८, एक टक्क्याहून थोडा जास्त फरक.

चित्र निवडा, प्रॉपर्टीजमध्ये लॉक प्रपोर्शन्सची खूण काढा, आणि फक्त हाइटच्या आकड्याला १८० ने गुणून १७८ ने भागा. विड्थला हात लावू नका. मग दोन्ही मापं पुन्हा तपासा, कारण चित्र थोडं सरकलेलं असू शकतं. चित्र आधीच सरळ करून घ्या असं वर म्हटलं ते याचसाठी.

इथे एक मर्यादा पाळा. कागदाची ताण-आकस दुरुस्त करायची, घराचा तिरकेपणा चित्रात आणायचा नाही. माजघराचे कर्ण जुळावेत म्हणून नकाशा तिरका ताणत बसलात, तर स्वयंपाकघर बिघडेल, जिना बिघडेल. चित्र आयताकृती राहू द्या. आधी सामाईक भिंतींच्या आणि मुख्य आडव्या भिंतींच्या रेफरन्स प्लेन (भिंती बसवायच्या आधाररेषा) जागेवरच्या मापांनी टाका, मग त्यांवर भिंती ओढा. नकाशा सांगतो खोली कुठे आहे, दार कोणत्या भिंतीत आहे. किती फुटांवर आहे ते टेप सांगते. दोघांत तफावत दिसली की टेपचं ऐका.

सगळं जुळलं की चित्राचा ड्रॉ लेयर बॅकग्राउंड करा, म्हणजे ते रेषांच्या मागे जाईल, आणि पी-एन दाबून पिन मारा. पिन मारायला विसरल्यामुळे भिंतींची निवड करताना चित्र चार इंच सरकलं आणि दोन तासांनी लक्षात आलं, असं माझ्याच हातून झालंय.

वरचा मजला

प्रत्येक मजल्याचं चित्र त्या-त्या प्लॅन व्ह्यूमध्ये वेगळं आणावं लागतं, आणि प्रत्येकाचं माप वेगळं काढावं लागतं. एकाच कागदावर दोन्ही मजले असले तरीही, कारण घडी मधून गेलेली असते.

मजले एकमेकांवर बसवायला दोन बिंदू लागतात, जे दोन्ही मजल्यांवर आहेत आणि एकमेकांपासून लांब आहेत. आरसीसीचं घर असेल तर टोकांचे दोन कॉलम. जांभ्याच्या घरात कॉलम नसतात, आणि माडीची भिंत खालच्या भिंतीपेक्षा बारीक असते, तेव्हा बाहेरची कड धरायची की आतली हा प्रश्न येतो. अशा घरात मी जिन्याच्या पोकळीचा एक कोपरा आणि सामाईक भिंतीचं आतलं तोंड धरतो. ते खालून वर ओळंब्यात आहे का हे मात्र आधी जागेवर ओळंबा सोडून बघतो. या बिंदूंतून ग्रिडलाइन टाकून ठेवल्या की त्या सगळ्या मजल्यांवर दिसतात. वरचं चित्र त्यांवर आणून बसवायचं, आणि खालचा मजला अंडरलेमध्ये (खाली फिकट दिसेल असा) चालू करून जिना जिन्यावर येतो का ते पाहायचं.

रेव्हिट नसेल तर

ऑटोकॅडमध्ये हे काम सगळ्यात कमी क्लिकमध्ये होतं. इमेज अटॅच करा, जागेवरच्या मापाची रेघ ओढा, मग अलाइन, शॉर्टकट ए-एल. चित्रातला पहिला कोपरा आणि रेघेचं पहिलं टोक, चित्रातला दुसरा कोपरा आणि रेघेचं दुसरं टोक, एंटर, आणि ‘स्केल करायचं का’ या प्रश्नाला येस. सरकवणं, फिरवणं, मोठं करणं एकदम होतं. दुसऱ्या दिशेचा फरक मात्र यात निघत नाही, तो असेल तर चित्र आधी गिंपमध्ये दुरुस्त करा. आणि ऑटोकॅडची फाइल चित्र आत ठेवत नाही, फक्त त्याचा पत्ता ठेवते. कुणाला फाइल पाठवताना चित्रही सोबत द्या, नाहीतर समोरच्याला रिकामी चौकट दिसते.

स्केचअपमध्ये टेप मेझरने चित्रातली दोन टोकं मोजा, खरी लांबी टाइप करून एंटर दाबा, मॉडेलचा आकार बदलायचा का या प्रश्नाला हो म्हणा. यात अख्खं मॉडेल बदलतं, त्यामुळे आधी काही काढून ठेवलं असेल तर चित्राचा ग्रुप करा आणि ग्रुपच्या आत शिरून हेच करा. मोठं स्कॅन धूसर दिसलं तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये टेक्श्चरचा जास्तीत जास्त आकार वापरण्याची खूण चालू करा.

पैसे खर्च न करता शिकायचं असेल तर स्वीट होम थ्री-डी बघा. मागे चित्र लावतानाच ते मापाची रेघ मागतं, लांबी विचारतं आणि मग मूळ बिंदू विचारतं. प्रत्येक मजल्याला मूळ बिंदू तोच दिला की मजले आपोआप जुळतात. फ्रीकॅडच्या नव्या आवृत्त्यांमध्येही चित्रावर दोन बिंदू देऊन माप ठरवायची सोय आहे.

उताऱ्याशी ताळा

नकाशात जागेची हद्द असेल तर बसवलेल्या चित्रावरून तिचं क्षेत्रफळ काढा आणि उताऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पहा. आपल्याकडचा गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याचा सोळावा भाग आणा, ६८ चौरस फुटांचा. लांबीत एक टक्का चुकला तर क्षेत्रफळात दोन टक्के चुकतो, त्यामुळे बारीक चूक इथे मोठी होऊन दिसते. अडीच गुंठ्यांच्या जागेत दोन टक्के म्हणजे ५४ चौरस फूट, पाऊण आण्याहून थोडं जास्त. तेवढा फरक निघाला तर मॉडेल पुढे नेऊ नका, आधी हद्दीवर जाऊन टेप लावा.

चित्राच्या फाइलच्या नावातच कोणत्या मापावर बसवलं ते मी लिहून ठेवतो: ‘शहापूर-तळमजला-५८फूट६इंच-बाहेरून-बाहेर’. चार महिन्यांनी स्लॅबचा इंजिनिअर फोन करून विचारतो, ‘हे माप गिलाव्यासकट आहे का हो?’, तेव्हा वही शोधावी लागत नाही.